चेनिनची तिसरी बाटली

मे महिन्यातल्या एका दुपारी ओट्याखालच्या कपाटात बूच उडालं. अर्धी वाइन तूरडाळीच्या डब्यामागे, उरलेली फरशीवर. बाटली चौदाशेची. तेवढ्यात आमच्याकडे पंधरा दिवसांची भाजी येते.

फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीतून सहा बाटल्या आणल्या होत्या. सगळ्या चेनिन ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन. अडीच एकर बाग, मालक स्वतःच शेतकरी. विकतचं यीस्ट नाही, फिल्टर नाही, वाइन टिकवायला घालतात ते सल्फाइट नाही. मार्चमध्ये पहिली उघडली तेव्हा गढूळ रंग बघून नवरा बिचकला, पण दुसरा ग्लास त्यानेच मागितला. वास पिकत आलेल्या पेरूचा, चव नेहमीच्या चेनिनपेक्षा आंबट. एप्रिलमधली दुसरी जिभेवर चुणचुणली. ती आम्हाला आवडली, म्हणून कारण शोधलं नाही. तिसरी डाळीत गेली.

मालकांना फोन केला. "ताई, उरलेल्या आत्ताच फ्रिजमध्ये ठेवा." बदलून द्या म्हटलं, तर कुरिअरने पाठवली तरी वाटेत उन्हात तेच होईल म्हणाले. ऑक्टोबरात बागेवर या, तेव्हा देतो. आणि लेबलावर लिहिलंय की!

लिहिलंय खरं. मागच्या बाजूला, बारकोडखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'थंड जागी ठेवा.' थंड म्हणजे किती? पुण्यात मे महिन्यात घरातली कुठली जागा थंड असते? पंधरा अंशांच्या आत ठेवायची वस्तू आहे तर आकडा छापा. समोर वेलीचं चित्र तीन बोटं रुंद आहे, तिथे दोन अंक सहज मावले असते. हे मी तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, आणि आजही माझं मत तेच आहे.

वाइनबद्दलचं मत मात्र बदललं. जुलैत फ्रिजमधली चौथी काढली, गाळ तळाशी बसलेला, वरची हलक्या हाताने ओतली. आतापर्यंतची सगळ्यांत छान.

तरी ऑक्टोबरात गेले ती भांडायलाच. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालू होती. फ्रान्समध्ये २०२० पासून नैसर्गिक वाइनला जी खूण देतात, तिच्या एका प्रकारात लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं. तेवढं तरी का घालत नाही, असं थेट विचारलं. ते म्हणाले, "तेवढ्याने यीस्ट थांबत नाही ताई. साखर संपायला हवी होती. नवी द्राक्षं तोंडावर आली, टँक दोनच, म्हणून मी भरायची घाई केली. चूक माझी." घरात उकाडा झाला तसं ते यीस्ट उरलेल्या साखरेवर पुन्हा कामाला लागलं, आणि गॅसने बूच ढकललं.

मग बाग दाखवली. माथ्याकडची जमीन मुरमाड, वडिलांच्या काळी दर पावसात माती ओढ्याला जायची. चार उन्हाळे दगड रचून यांनी बांध घातले. तणनाशक बंद केलंय, ओळींमधलं गवत कापून तिथेच पसरतात. मी उकरून पाहिलं, खाली ओल होती आणि गांडुळं. शेडमध्ये जीवामृताचं २०० लिटरचं पिंप: १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारावंच लागतं, तेही हात राखून. "सालीवर जे जगतं तेच टँकमध्ये राबतं. फवारून सगळं मारलं तर मग यीस्टचं पाकीटच आणावं लागेल." कुठल्या ओळीत पाणी साचतं, कुठली आधी फुटते, सगळं वहीत लिहिलेलं. गेल्या वर्षी अवकाळीने खालच्या चार ओळी गेल्या, त्याही पानावर होत्या. ते पान त्यांनी पटकन उलटलं.

एकाऐवजी दोन बाटल्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. तीन मी विकत घेतल्या आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणल्या.

निघताना कळलं, नवी लेबलं छपाईला जायची आहेत. आकडा घातलाय का, विचारलं. त्यांनी कात्री खिशात घातली, वही काढली आणि लिहून घेतलं.