बोस ए-20 हेडसेट : लाखभर रुपये टाकावे का?

आपल्या गावाकडले पोट्टे आता पायलट व्हायला लागले, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून ट्रेनिंगची विमानं उडताना पाहून पाहून गोंदियाकडल्या पोट्ट्यांना तर भारी ओढ लागली, म्हणून मला सारखं विचारतात का भाऊ हेडसेट कोणता घेऊ, एवढे पैसे टाकण्यासारखं त्यात आहे तरी काय. तर घ्या राजेहो, सविस्तर लिहितो.

मी सेसना 172 मध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानात, बोस ए-20 वापरतो. त्याच्याआधी डेव्हिड क्लार्कचा हिरवा एच10-13.4 होता, बिनबॅटरीचा. तो वाईट बिलकुल नाही, दणकट आहे, 23 डेसिबलचं रेटिंग आहे, पण तो आवाज अडवतो फक्त कान घट्ट झाकून. आता 172 चं इंजिन 2400 आरपीएमवर (मिनिटाला 2400 फेरे) असलं म्हणजे सेकंदाला 40 फेरे, पंख्याला पाती दोन, म्हणजे 80 ठोके, अन् चार सिलिंडरचे स्फोट मोजले तरी सेकंदाला 80 च येतात. हा जाड घुमणारा आवाज नुसत्या फोमनं थांबत नाही, डोक्यात शिरून बसतो. दिवसभर थ्रेशरजवळ उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ए-20 च्या कपात आत माईक असतो, तो हा आवाज पकडतो अन् बरोबर त्याच्या उलटी लहर स्पीकरमधून सोडल्या जाते, दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. बटन दाबलं का घुमणं एकदम खाली बसते.

बारीक चिरक्या आवाजावर ही युक्ती कमी चालते, ते काम कपाचं अन् फोमचंच. काही जुने लोक म्हणतात का अशानं इंजिन ऐकू येत नाही, पण स्टॉलचा भोंगा (पंखांची उचल जायच्या आधी वाजणारा इशारा) स्पष्ट ऐकू येते, अन् इंजिन रफ झालं तर सीटला अन् गेजवर आधी कळते.

खरा फायदा रेडिओचा आहे, यासाठीच मी पैसे टाकले. नागपूरचा कंट्रोलर एका दमात हेडिंग (कोणत्या दिशेनं जायचं), उंची, क्यूएनएच (उंचीच्या गेजवर लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा नंबर) सांगून मोकळा होतो, अन् मराठी शाळेतून आलेल्या पोराला ते इंग्रजी त्या गोंगाटात पकडणं काय असते हे ज्याचं त्यालाच माहीत. आधी व्हॉल्यूम फुल करावा लागे अन् संध्याकाळी कानात शिट्टी वाजत राहायची. आता व्हॉल्यूम अर्ध्यावर असतो, "से अगेन" (परत सांगा) क्वचितच म्हणावं लागते, अन् तिसऱ्या सर्किटलाही (धावपट्टीभोवतीच्या चकरेलाही) डोकं ताजं राहते, लँडिंगमध्ये तो फरक दिसतोच.

दोन एए सेलवर 45 तासांच्या आसपास चालतो. लाईट लाल लुकलुकली का सेल बदला, पण सेल संपला तरी रेडिओ बंद पडत नाही, फक्त गोंगाट परत येतो. जादाचे सेल बॅगेत ठेवाच.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात 45 डिग्रीत ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभ्या विमानात कोणताही हेडसेट सोडून जाऊ नका, काचेजवळ तर बिलकुल नाही, कानाची गादी घामानं अन् उन्हानं कडक होते, सेलही फुटून वाहू शकतात. उतरल्यावर सुती कपड्यानं पुसून बॅगेत टाका. चष्मा असेल तर काडी पातळ घ्या, कारण जाड काडीनं गादी उचलल्या जाते अन् त्या फटीतून सगळा आवाज आत.

2023 मध्ये बोसचाच पुढचा हेडसेट ए-30 आला, अमेरिकेत जवळपास 1300 डॉलरला, आपल्याकडे येईस्तोवर लाखाच्या वर जाते. बापानं वावर गहाण ठेवून फी भरली असेल तर पहिल्या दिवशी हे घेऊ नका, साध्या हेडसेटनंही लायसन्स मिळते. सोलो (एकट्यानं उडणं) झाल्यावर, क्रॉस-कंट्रीचे (लांब दुसऱ्या विमानतळापर्यंत उडायचे) तास सुरू व्हायच्या आधी सेकंडहँड ए-20 पाहा, कानाच्या गाद्या नव्या टाकता येतात. घेताना प्लग नक्की तपासा, सेसनाला दोन वेगवेगळ्या जाडीचे प्लग लागतात, हेलिकॉप्टरचा एकच जाड प्लग असतो, तो इथं बसत नाही. अन् एकाच कानात आवाज आला तर हेडसेट खराब समजून परत करू नका, आधी स्टिरिओ-मोनोचं स्विच मोनोवर करून पाहा.