फ्लॅक, एमपी3, ऑपस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या सीडी, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणं आणि गाडीतला पेनड्राइव्ह. या तिन्हींना एकच ऑडिओ फॉरमॅट (आवाज फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) पुरेल ही आशा लवकरच सोडावी लागली. टिकली ती पद्धत अशी: मूळ प्रत फ्लॅकमध्ये, बाकीचं सगळं त्यातूनच काढायचं.

फ्लॅकबद्दल तक्रार नाही. सीडीचा आवाज मिनिटाला 10 एमबी खातो. फ्लॅकमध्ये तो बहुधा 50 ते 70 टक्क्यांवर येतो आणि आवाजातलं काहीच गळत नाही. फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी5 (आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे डिस्क बदलल्यावर प्रत शाबूत आहे का ते तपासता येतं.

गाडीसाठी मात्र एमपी3च. बऱ्याच कार स्टिरिओंना ऑपस हा नवा फॉरमॅट कळत नाही. एमपी3 बनवणाऱ्या लेम या प्रोग्रामचं व्ही2 सेटिंग पुरतं, सरासरी 190 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). तासाला साधारण 85 एमबी; 320 ला तेच 144. कसारा घाटात काच खाली असताना हा फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याला दंडवत!

खरा ताप गाण्यांच्या नावांचा. फॉरमॅट बदलून देणारा एफएफएमपेग हा प्रोग्राम आपणहून आयडी3 (एमपी3 फाइलीतले नाव-गायकाचे टॅग) 2.4 लिहितो आणि जुन्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात. 2.3 ही आवृत्ती निवडा. तरीही चौकोनच दिसले तर स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही समजा, नावं रोमनमध्ये लिहा. गाणी उलटसुलट वाजत असतील तर दोष टॅगमधल्या क्रमांकांचा नसतो. फॅट32 (पेनड्राइव्हची नेहमीची फाइल-मांडणी) पेनड्राइव्हवर कित्येक स्टिरिओ ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह रिकामा करून 01, 02 अशा क्रमाने पुन्हा भरा.

भाषणांसाठी ऑपसला तोड नाही. 90 मिनिटांचं व्याख्यान स्टिरिओ वेव्हमध्ये (न दाबलेल्या, दोन चॅनेलच्या आवाजात) सुमारे 950 एमबी, मोनो म्हणजे एका चॅनेलच्या ऑपसमध्ये 24 केबीपीएसला 16. शब्द स्वच्छ, पण टाळ्या चरचरतात. 32 केबीपीएस ठेवलं की बरंच निभावतं.

128 केबीपीएसची एमपी3 फाइल 320 करून 'एचडी' म्हणून पाठवणारे ग्रुपवर भेटतातच. 128 ला साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचं गेलेलं असतं, ते परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी थोडं जातं आणि फाइल अडीचपट फुगते. असल्या फाइलीचं फ्लॅक करणंही तसंच. हातात एमपी3च असेल तर ती तशीच ठेवा.

एक बारीक खोट: एफएफएमपेगने ऑपस करताना मुखपृष्ठाचं चित्र मागे राहतं. फ्लॅक थेट ऑपसएन्कला (ऑपस बनवणाऱ्या प्रोग्रामला) दिलं तर चित्र आणि टॅग दोन्ही नव्या फाइलीत येतात.