जुळी शेवरोले, अ‍ॅलिसन की कॅमर? जुना फ्रंट-इंजिन ड्रॅगस्टर घेण्याआधी

साठच्या दशकातला अमेरिकन 'स्लिंगशॉट' ड्रॅगस्टर (सरळ पट्टीवरच्या शर्यतीची, इंजिन पुढे आणि चालक अगदी मागे असलेली गाडी) घ्यायचा, पण सगळ्यांकडे असतं ते क्रायस्लरचं 'हेमी' इंजिन नको, असं ठरवलंत की तीन वाटा समोर येतात: दोन शेवरोले व्ही-8 जोडलेली गाडी, विमानाचं अ‍ॅलिसन इंजिन बसवलेली गाडी किंवा फोर्डचं 427 कॅमर (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असलेलं इंजिन) बसवलेली गाडी. विकणारा आवाजाचं कौतुक सांगेल. तुम्ही आधी खाली वाकून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी पोचते ते बघा. खर्च आणि धोका, दोन्ही तिथेच असतात.

माझा कौल जुळ्या शेवरोलेला. 1957 ते 1963 या काळात एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग शर्यतींच्या संघटनेने नायट्रोवर (नायट्रोमिथेन या जास्त ताकद देणाऱ्या इंधनावर) बंदी घातली होती. पेट्रोलवर ताकद वाढवायची तर दुसरं इंजिन लावणं हा सरळ उपाय होता. 1961 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची पहिली विंटरनॅशनल्स ही शर्यत जॅक क्रिसमनने 'ट्विन बेअर्स' या जुळ्या शेवरोलेवरच जिंकली. मात्र जोडणी कशी आहे ते नीट पाहा. इंजिनं शेजारी-शेजारी असून फ्लायव्हीलचे दाते एकमेकांत बसवले असतील, तर त्यातलं एक इंजिन उलटं फिरतं. त्याला वेगळा कॅमशाफ्ट लागतो, क्रँकचं मागचं ऑइल सीलही उलट्या दिशेचं लागतं, आणि झिजलेले दाते बदलायचे तर ते खास कापून घ्यावे लागतात. जॉन पीटर्सच्या 'फ्रेट ट्रेन'सारखी एकामागे एक इंजिनं असतील तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात. कॅमशाफ्ट नेहमीचा चालतो, क्लचही एकच. गाडी लांब होते, पण शेवरोले स्मॉल-ब्लॉकचे (कंपनीच्या लहान आकाराच्या व्ही-8 चे) सुटे भाग आजही सहज मिळतात. म्हणून मी मागेपुढे जोडणीचीच गाडी शोधेन.

अ‍ॅलिसन व्ही-1710 चा मोह मोठा. 28 लिटर, 12 सिलिंडर, 48 व्हॉल्व्ह, 24 स्पार्क प्लग. दुसऱ्या महायुद्धात पी-38 आणि पी-40 विमानांना हेच होतं. ओहायोच्या आर्ट आर्फन्सने 'ग्रीन मॉन्स्टर' मालिकेतल्या गाड्यांत ते बसवून नाव कमावलं. पण वजन सुमारे 630 किलो, म्हणजे दोन स्मॉल-ब्लॉक एकत्र केले तरी त्याहून जास्त. शिवाय ते 3,000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपासच थांबतं. हिशोब करून बघा: 30 इंची टायर एका फेऱ्यात सुमारे 2.4 मीटर जातो. मागच्या एक्सलचा रेशो 3:1 असेल (इंजिनाच्या तीन फेऱ्यांत चाकाचा एक) तर 3,000 आरपीएमला वेग जेमतेम ताशी 144 किमी. 240 गाठायचे तर रेशो 1.8 च्या आसपास हवा, आणि असा रेशो असूनही एवढा टॉर्क झेलणारा एक्सल सहज मिळत नाही. सुरुवातीचा सगळा मार क्लचवर बसतो तो वेगळाच. मेळाव्यात इंजिन सुरू करून लोकांना ऐकवायचं असेल तर अ‍ॅलिसनला तोड नाही. शर्यतीच्या पट्टीवर गाडी वारंवार पळवायची असेल तर घेऊ नका.

कॅमर दिसायला देखणं, वजनाने आटोपशीर, ड्राइव्हलाइनही साधी. कटकट एकच: दोन कॅम फिरवणारी सुमारे दोन मीटर लांब चेन. ती ताणली की दोन्ही बाजूंचं टायमिंग सारखं राहत नाही. अटलांटाच्या पीट रॉबिन्सनने त्यासाठी गिअर ड्राइव्ह बनवला होता; तसा ड्राइव्ह असलेलं इंजिन मिळालं तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पण हेड फुटलं तर दुसरं शोधण्यात हंगाम जातो.

कुठलीही गाडी घेतलीत तरी चालक मागच्या एक्सलच्या मागे बसतो आणि फिरणारे भाग त्याच्या पायांजवळ असतात. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पंजा अर्धा गेला. तेव्हा क्लच आणि गिअरभोवतीचं पोलादी कवच जुनं मूळचं असेल, तर नव्याचा खर्च धरूनच किंमत ठरवा.