अनामत परत मिळणार होती: मुंबईतील खोल्यांच्या आरक्षणात झालेली फसवणूक

डिसेंबर २०२५ मध्ये आठवडाभर मुंबई पाहण्याच्या निमित्ताने आमच्याकडून ४२,४०१ रुपये उकळले गेले. त्यातले २२,४०० रुपये खोल्यांची आगाऊ रक्कम म्हणून गेले आणि उरलेले २०,००१ रुपये "परत मिळणारी अनामत" म्हणून. खोट्या हॉटेलांच्या नावाने आगाऊ पैसे घेऊन लोक पसार होतात, हे आता बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. त्यानंतर अनामतीच्या नावाने दुसरा डाव कसा टाकला जातो, हे मात्र फारसे कोणी सविस्तर सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही सांगलीचे. सोबत आई-बाबा आणि दोन मुले असल्यामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला उतरावे, गिरगाव चौपाटीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी उतरावे आणि रोज एकच ठिकाण निवांत पाहावे, असा बेत होता. गिरगावातील एका जुन्या अतिथिगृहाचे नाव नात्यातल्या एकांनी सुचवले होते. नकाशाच्या ॲपवर ते शोधले, तेव्हा पत्ता, दर्शनी भागाची छायाचित्रे, लोकांचे जुने अभिप्राय असे सगळे खरेच होते. खोटा होता तो केवळ दूरध्वनी क्रमांक. अशा ॲपवर कोणीही वापरकर्ता एखाद्या ठिकाणाच्या माहितीत बदल सुचवू शकतो आणि मालकाने आपल्या नोंदीचा ताबा घेतलेला नसेल, तर तो बदल बराच काळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. भाडेही संशय यावा इतके कमी नव्हते. दर खोलीला दिवसाला ३,२०० रुपये म्हणजे त्या भागात चालणारा दर, आणि घासाघीस करून पाहिली तेव्हा समोरच्याने एक रुपयाही कमी केला नाही.

त्या खोट्या क्रमांकावर फोन उचलणारा गृहस्थ स्वच्छ, घरगुती मराठी बोलत होता. आई-बाबा सोबत आहेत म्हटल्यावर "काकांना जिना चढवणार नाही, तळमजल्याच्या खोल्या ठेवतो," असे त्याने आपण होऊन सांगितले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवारी गेटवेला जाऊन बोटीचे तिकीट काढू नका. लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, पण धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी मिळते आणि पुढे डोलीवाले असतात. कान्हेरीलाही सोमवार टाळा, अशी सगळी माहिती त्याने दिली आणि ती शब्दशः खरी होती. आम्ही ती पडताळून पाहिली, बरोबर निघाली, आणि त्याच भरवशावर त्याचे बाकीचे बोलणेही खरे धरले गेले. ज्याला पैसे उकळायचे आहेत तो घाई करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या माणसाने मात्र "घरी विचारून उद्या सांगा, खोली कुठे पळून जात नाही," असे म्हटले होते.

त्याने पाठवलेले बिल आजही माझ्याकडे आहे. वर अतिथिगृहाचे नाव आणि चिन्ह, खाली शिक्का, मध्ये जीएसटी क्रमांक. हा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. आमच्या बिलावरचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे नोंदणी दिल्लीची. पुढची दहा चिन्हे पॅनची असतात. जीएसटीच्या शासकीय पोर्टलवर करदात्याचा शोध घेण्याची सोय सर्वांना विनामूल्य खुली आहे. तेथे तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे लगेच दिसते. आमचा क्रमांक भलत्याच व्यवसायाचा निघाला. दुसरी खूण कराच्या दराची होती. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण या बिलावर १२ टक्केच छापलेले होते. जुना नमुना नाव बदलून वापरला जात होता, हे उघड आहे. खऱ्या हॉटेलच्या हिशेबनिसाकडून अशी चूक अडीच-तीन महिने चालू राहणार नाही.

सात दिवसांच्या दोन खोल्यांचे ४४,८०० रुपये होत होते. त्यातील निम्मी रक्कम क्यूआर कोडवरून पाठवली. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर अतिथिगृहाचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले, तेव्हा "ते आमच्या व्यवस्थापकांचे खाते आहे" असे उत्तर मिळाले. येथे एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. ३० जून २०२५ पासूनच्या नियमानुसार यूपीआय ॲपने पैसे जाण्याआधी बँकेत नोंदलेले नावच दाखवायचे असते; आपण फोनमध्ये साठवलेले किंवा समोरच्याने स्वतःला दिलेले टोपणनाव चालत नाही. त्यामुळे त्या क्षणी पडद्यावर दिसणारे नाव हीच खरी माहिती असते, फोनवरचे स्पष्टीकरण नव्हे.

अनामतीची मागणी आली ती निघण्याच्या दिवशी दुपारी. घरात सामान बांधण्याची धांदल, आईच्या औषधांची पिशवी शोधणे, मुलांची भांडणे, आणि अशात फोन. सुट्टीच्या गर्दीमुळे मालकांनी प्रत्येक बुकिंगवर दहा हजार अनामत ठेवायला सांगितले आहे, खोली ताब्यात घेताच ती आपोआप परत होईल, नाहीतर बुकिंग रद्द दिसेल, असे त्याचे म्हणणे होते. गाडीची तिकिटे हातात होती, २२,४०० रुपये आधीच गेले होते. दहा हजार पाठवले. थोड्याच वेळात पुन्हा फोन आला. रक्कम पूर्ण दहा हजार असल्यामुळे संगणकाने ती भाड्यात जमा केली. आता १०,००१ पाठवा, एक रुपया जास्त असला की अनामत म्हणून वेगळी नोंद होते आणि आधीचे दहा हजार लगेच सुटतात, असे तो म्हणाला. सोबत परताव्याच्या पावतीचे चित्र आले, त्यावर "प्रक्रिया सुरू" असे लिहिलेले. या वेळचा क्यूआर कोड दुसऱ्याच नावाचा होता.

सगळी मेख या एका रुपयात आहे. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे पाठवायला लावायचे आणि त्याला तांत्रिक कारणाचा मुलामा द्यायचा, हीच ती पद्धत. तो आकडा मुद्दाम विचित्र ठेवला जातो, कारण विचित्र आकडा नियमातून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात कोणतीही परतावा यंत्रणा ग्राहकाकडून नवी रक्कम मागत नाही आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी त्या अतिथिगृहासमोर थांबली. स्वागतकक्षातील वयस्क गृहस्थांनी बिल पाहिले, काही न बोलता खणातून शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही काढली आणि आमचे नाव, गाव, रक्कम लिहून घेतली. अशाच प्रकारे आलेल्या कुटुंबांच्या नोंदी त्या वहीत होत्या. कोणी नांदेडचे, कोणी बेळगावचे. मी तेथूनच त्या भामट्याला फोन लावला तर त्याने तो चक्क उचलला, "तुम्ही आमच्या जुन्या शाखेत गेलात," असे सांगितले आणि बुकिंग रद्द करून सगळी रक्कम परत हवी असेल तर २०,००१ रुपये भरा म्हणाला. त्या निर्ढावलेपणाला तोड नाही.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आम्ही तेथूनच फिरवला. तक्रार घेताना आपली बँक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बारा अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतात. तो क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात असतो, आणि फोन लावण्यापूर्वी हे सगळे कागदावर उतरवून ठेवले तर मोलाची मिनिटे वाचतात. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते आणि पैसे तोपर्यंत खात्यात असतील तर ते गोठवले जातात. आमची आगाऊ रक्कम भामट्यांनी दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून केव्हाच पुढे गेली होती, अनामतीचे पहिले दहा हजारही निसटले; शेवटचे १०,००१ रुपये मात्र गोठले. आदल्या दुपारीच फोन केला असता तर कदाचित दोन्ही हप्ते सापडले असते.

जवळच्या पोलीस ठाण्यात "सांगलीला जाऊन तक्रार द्या" असे प्रथम ऐकावे लागले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे नम्रपणे, पण कलमासह सांगितल्यावर काम झाले. बँकेने मात्र तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, तेव्हा भरपाईचा प्रश्न नाही, असे लेखी कळवले. गोठलेली रक्कम आपोआप खात्यात आली नाही. त्यासाठी आमच्या वेळी त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागत होता. तो आम्ही केला असून आदेशाची वाट पाहत आहोत.

दादरला साध्या लॉजमध्ये सोय झाली, राणीची बाग आणि वस्तुसंग्रहालय पाहून झाले, आणि बाबा डोलीत बसून घारापुरीची त्रिमूर्तीही पाहून आले.

सांगलीला परतल्यावर "सायबर शाखेतून बोलतो" असे सांगणारा एक फोन आला. त्याला आमची रक्कम नेमकी ठाऊक होती, त्यामुळे तो त्याच टोळीचा असावा. गोठलेले पैसे सोडवण्यासाठी १,९९९ रुपये प्रक्रिया शुल्क भरा, असे तो म्हणत होता. १९३० वरील तक्रारीसाठी किंवा रक्कम परत मिळवून देण्यासाठी पोलीस कोणतेही शुल्क घेत नाहीत. तो क्रमांकही आम्ही सायबर गुन्ह्यांच्या शासकीय पोर्टलवर आधीच्या तक्रारीच्या पोचक्रमांकासह नोंदवला आहे.