फुलांचं ग्रीटिंग कार्ड: फोम टेप, वळवलेल्या पाकळ्या की क्विलिंग?

हाताने फुलांचं कार्ड करायचंय आणि फूल कागदावरून उठून आलेलं दिसायला हवं, एवढं ठरलं की लगेच प्रश्न येतो, ही उंची आणायची कशाने? साधारण तीन रस्ते आहेत: फोम टेपवर (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाडसर टेप) एकावर एक थर, पाकळ्या वळवून फक्त मध्यावर चिकटवायच्या, नाहीतर क्विलिंग, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेलं फूल. दिसायला तिन्ही छान. पण मी म्हणेन आधी कार्ड पोचणार कसं ते बघा, हातात देणार की पाकिटातून जाणार, अर्धा निर्णय तिथेच होतो.

फोम टेपचं काम सगळ्यात सोपं आहे. एकच फूल तीन मापांत कापायचं, समजा ६, ४.५ आणि ३ सेंटीमीटर, आणि मध्ये फोमचे तुकडे लावून रचायचं. प्रत्येक वरचं फूल थोडं फिरवून ठेवा म्हणजे त्याची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर येते, नाहीतर तीन थर असूनही सपाट वाटतं. टेप १, २, ३ मिमी अशा जाडीत मिळते, कार्डाला २ पुरते. तुकडा पाकळीच्या कडेपासून जरा आत ठेवायचा, बाजूने पांढरा फोम दिसला की सगळी मजा गेली. आणि ही टेप बसली की बसली, सरकवायला चान्स नाही, म्हणून मी तरी प्रत्येक तुकड्याला वरून फेविकॉलचा ठिपका देते, तो वाळेपर्यंत फूल हलवता येतं. स्वस्तातली टेप मात्र जपून घ्या, काहींचा फोम काही महिन्यांत दबून चपटा होतो, काहींचा गोंद पिवळा पडतो.

टेप नसेल तर कागदाची छोटी घडीची पट्टी, लहानपणी पंखा करायचो तशी, थरांच्या मध्ये लावा. ही काही नवी आयडिया नाहीये, १८४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमध्ये एस्थर हाउलंड नावाची बाई व्हॅलेंटाइन कार्डं करून विकायला लागली, तिच्या कार्डांमध्ये कागदी लेसचे थर अशाच घडीच्या कागदावर उचललेले असायचे. फुकटात काम होतं, फक्त फोमसारखं घट्ट बसत नाही, दाबलं की दबतं.

आता माझी आवड, वळवलेल्या पाकळ्या. फोमचं फूल कितीही थरांचं केलं तरी प्रत्येक थर सपाटच असतो, खऱ्या पाकळीला बाक असतो आणि तो इथे मिळतो. कागद १२० ते १६० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड), झेरॉक्सचा ८० वाला बाक धरत नाही आणि जाड कार्डशीट वळवायला गेलं की मोडते. पाकळी घडी घातलेल्या नॅपकिनवर नाहीतर माउसपॅडवर ठेवून चमच्याच्या पाठीने गोल गोल दाबायची, ती आपोआप वाटीसारखी होते, आणि टोकं पेन्सिलवर गुंडाळून बाहेर वळवायची. सोनचाफ्यासारख्या लांबट पाकळ्यांना टोक वळवणं जास्त शोभतं, गुलाबाला वाटी, आणि जास्वंदाला दोन्ही करून मधून लांब दांडा काढायचा, तो दांडा नसेल तर ते जास्वंद वाटतच नाही! शेवंती तर अजून सोपी, लांब पट्टीला एका कडेने झालरीसारखं कापायचं, गुंडाळायचं आणि बोटांनी बाहेर उलगडायचं. चिकटवायचं फक्त मध्यावर, कडा मोकळ्या.

तोटा एकच पण मोठा, दाब सहन होत नाही. पाकिटात गेलं की पाकळ्या चपट्या होतात आणि चुण्या पडतात. फोम दबला तरी बऱ्यापैकी परत वर येतो, वळवलेला कागद येत नाही.

क्विलिंगबद्दल थोडक्यात सांगते कारण ते खरं वेगळंच काम आहे. पट्ट्या ३ किंवा ५ मिमी रुंद, कार्डासाठी ३ वाल्या, आणि पट्टीची रुंदी हीच फुलाची उंची, त्यामुळे उंची आधीच ठरलेली असते. कागद कडेवर उभा असल्यामुळे वरून आलेला दाब तो चांगला झेलतो, बाजूने धक्का बसला तर मात्र गुंडाळी सुटून येऊ शकते. वेळ भरपूर जातो. रांगोळीतल्यासारखी नक्षी, वेल, कळ्या यांना मस्त, पण जास्वंद ओळखू यावं म्हणून क्विलिंग करत बसू नका.

पाठवायचंच असेल तर फोम घ्या, दोनच थर ठेवा. तीन थर आणि कार्ड मिळून उंची सहज ५-६ मिमी होते, साध्या पाकिटात फुगवटा दिसतो. वळवलेलंच हवं असेल तर फुलाभोवती त्याच्याएवढ्या उंचीची जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवून बबलवाल्या पाकिटात घाला, वरचा दाब चौकट घेते. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे कागद दमट होऊन वळवलेला बाक सैल पडतो, तिथे त्या दिवसांत फोमच बरा.

बेस तिन्हींना २५० ते ३०० जीएसएमचा लागेलच. ए४ अर्धा घडी घातला की ए५ कार्ड होतं. घडी आधी रिकाम्या बॉलपेनने आखून घ्या, म्हणजे कड तडकत नाही. फूल जड असेल तर ते खालच्या भागात लावा, वर लावलं तर उभं कार्ड पुढे पडतं. आणि आतला मजकूर फूल लावायच्या आधी लिहा, नंतर खाली फुगवटा असतो आणि अक्षर हलतं.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला कागद आणि टेप दोन्ही मिळून जातं. सोबत लहान मुलं बसणार असतील तर फोम, एकाच डिझाइनची वीस-पंचवीस कार्डं काढायची असतील तरी फोमच. एकच कार्ड, एकाच माणसासाठी, स्वतः जाऊन देणार असाल तर पाकळ्या वळवा, आणि वाटलंच तर सगळ्यात खालच्या थराखाली तेवढी फोम टेप लावा.