एमएस्सी केमिस्ट्री, सातारा-सांगली: फी भरण्याआधी यंत्राचं लॉगबुक बघा

ऑरगॅनिक घ्यावी की ॲनालिटिकल, यावर बीएस्सीची मुलं उन्हाळाभर काथ्याकूट करतात. नोकरीच्या हिशेबाने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: जिथे प्रवेश घेणार तिथली एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शेवटची कधी चालली, आणि ती कुणी चालवली?

या पट्ट्यात जागांची वानवा नाही. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे. आता ते कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचं घटक कॉलेज आहे. कराडला सद्गुरू गाडगे महाराज, सांगलीत विश्रामबागेतलं १९१९ सालचं विलिंग्डन, आणि तालुक्यांच्या ठिकाणची बरीच कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली. इथे त्यांचा पहिला-दुसरा नंबर लावायचा नाही. यंत्र बिघडतं, ते चालवणारे सर बदली होऊन जातात, आणि दोन वर्षांपूर्वीचं मत शिळं होतं. परीक्षण आहे ते दोन वर्षांच्या कोर्सचं, आणि तेही एकाच बाजूने: औषध कंपनीची क्यूसी (गुणवत्ता तपासणीची लॅब), साखर कारखान्याची किंवा डिस्टिलरीची लॅब, अन्नतपासणीची लॅब, यांतल्या पहिल्या नोकरीला तो किती उपयोगी पडतो.

कागदावर कोर्स चांगला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार सेमिस्टर मिळून ८८ क्रेडिट. त्यात रिसर्च मेथडॉलॉजीचे ४, ऑन जॉब ट्रेनिंगचे ४, आणि प्रोजेक्टचे तिसऱ्या सेमिस्टरला ४ व चौथ्याला ६. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे ट्रेनिंगचे १२० तास झाले. पहिल्या वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण क्यूसीच्या जाहिरातीत त्या डिप्लोम्याला अजून फारसं कुणी विचारत नाही. ॲनालिटिकलच्या अभ्यासक्रमात क्रोमॅटोग्राफी, स्पेक्ट्रोस्कोपी, इलेक्ट्रोॲनालिटिकल पद्धती, व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं) सगळं आहे. थिअरी शिकवणारेही या भागात चांगले आहेत. नेट-सेटची तयारी करणाऱ्याला कोर्स पुरून उरतो. दुखणं प्रयोगशाळेत आहे.

एचपीएलसी बहुतेक ठिकाणी असते. प्रॉस्पेक्टसमध्ये तिचा फोटोही असतो. म्हणून फोटो सोडून लॉगबुक मागा. त्यात तारीख, वापरणाऱ्याचं नाव, कॉलमचा (घटक वेगळे करणाऱ्या नळीचा) नंबर, मोबाइल फेज (तिच्यातून वाहणारं द्रावण), प्रेशर आणि शेरा असे रकाने असतात. सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात असतील, किंवा नोंदींची गर्दी नेमकी नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीच्या आठवड्यात झालेली असेल, तर ते यंत्र दाखवायला ठेवलंय. मुलांची नावं दिसली, मध्येच 'प्रेशर वाढलं, फ्रिट साफ केलं' असे शेरे दिसले, तर खुशाल प्रवेश घ्या. बिघाडाची नोंद असणं ही चांगली खूण आहे. जे वापरलं जातं तेच बिघडतं.

यंत्र बंद पडण्याची कारणंही ठरलेली. प्रॅक्टिकल संपतं, पाचची एसटी गाठायची असते, आणि फॉस्फेट बफर कॉलममध्ये तसाच राहतो. रात्रीत क्षार बसतात, सकाळी पंप सुरू केला की ते कण सील घासतात, फ्रिट (कॉलमच्या तोंडाची बारीक जाळी) तुंबतं आणि प्रेशर चढतं. दुसरी चूक याच्या उलट: धुवायचं म्हणून बफरनंतर थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल सोडतात. सेंद्रिय द्रावक वाढला की फॉस्फेट विरघळलेलं राहत नाही, आणि कॉलमच्या आतच साका तयार होतो. बरोबर क्रम असा: आधी पाणी आणि मिथेनॉल ९०:१० या प्रमाणात अर्धा-पाऊण तास, मग मिथेनॉल हळूहळू वाढवत न्यायचं, आणि कॉलम मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणात ठेवायचा. नुसत्या पाण्यात ठेवला तर जंतू वाढतात. मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, सोनिकेटरमध्ये हवा काढून घ्यायचा. साधा सिलिकावरचा सी-१८ कॉलम पीएच २ ते ८ च्या बाहेर नेला की संपला. हे सगळं पुस्तकात आहे. स्वतःच्या हाताने धुतलेला कॉलम मात्र वर्गातल्या किती जणांच्या खात्यावर आहे, ते विचारा.

'मुलं जास्त, यंत्र एक, वेळ कुठून आणायचा?' हे उत्तर हमखास मिळतं. मग हिशेब करून बघू. २५० बाय ४.६ मिलिमीटरचा कॉलम, प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर, एक रन ८ मिनिटांचा. एक ब्लँक, स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाची) ५ इंजेक्शनं, लिनिअॅरिटीचे ५ बिंदू (वेगवेगळ्या प्रमाणांचे), नमुन्याची २. एकूण १३ इंजेक्शनं, १०४ मिनिटं. आधी कॉलम स्थिरावायला ४० मिनिटं, शेवटी धुवायला ४५. तीन तास आणि वर थोडं, म्हणजे एका जोडीला अर्धा दिवस. २४ मुलांच्या १२ जोड्या सहा दिवसांत बसतात. सेमिस्टरमध्ये सहा दिवस सापडत नाहीत असं होत नाही. अडतं ते द्रावकाच्या खर्चापाशी. एचपीएलसी ग्रेडचं ॲसिटोनायट्राइल महाग, ड्युटेरियम दिव्याचं आयुष्य साधारण २००० तास, आणि वार्षिक देखभालीचा करार संपलेला. म्हणून एकदा सरांनी रन घ्यायचा आणि त्याच क्रोमॅटोग्रामची झेरॉक्स चोवीस जर्नलांना चिकटवायची. जर्नलं बघायला मिळाली तर रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागलेला वेळ) ताडून बघा. सगळ्यांचा दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा असेल तर समजून जा.

जर्नलवरून आणखी एक गोष्ट निघते. आमच्या मते ती यंत्रापेक्षाही मोठी आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे वाचन आधी सुट्या कागदावर पेन्सिलीने घ्यायचं, घरी जाऊन फेअर जर्नल सुवाच्य अक्षरात उतरवायचं आणि सुटा कागद टाकून द्यायचा, ही शिस्त समजली जाते. औषध कंपनीत हाच गुन्हा आहे. तिथे आकडा जेव्हा दिसला तेव्हाच, ज्याने पाहिला त्यानेच, मूळ नोंदवहीत, शाईने लिहायचा. चुकलं तर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. सुट्या कागदावर आकडा सापडला तर ऑडिटर पानभर निरीक्षण लिहितो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच: प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) चालू, नको असलेला रन पुसायची मुभा नाही. पाच वर्षं फेअर जर्नल लिहिलेल्या हाताला हे वळण लावायला कंपनीला सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांत बरीच पोरं घरी परततात. एखाद्या विभागात पान-क्रमांक घातलेली बांधीव वही पहिल्या दिवसापासून वापरत असतील, तर त्या विभागाला एचपीएलसी जुनी असल्याचे गुण कापू नका.

बाकी छोट्या यंत्रांचं थोडक्यात. तराजूची रोजची तपासणी वजनं ठेवून होते का, पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावतात का, यूव्हीची तरंगलांबी होल्मियमने तपासतात का, एवढं बघा. कार्ल फिशर (नमुन्यातलं पाणी मोजणारं यंत्र) असेल तर पावसाळ्यातला फॅक्टर (एक मिलिलिटर रीएजंट किती पाणी पकडतो तो आकडा) विचारा. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सुकवणीची नळी वेळेवर बदलली नाही की रीएजंट हवेतलंच पाणी पितो आणि फॅक्टर घसरत जातो. तो डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटने काढतात, त्यात १५.६६ टक्के पाणी असतं. हा आकडा ज्या मुलाच्या तोंडावर आहे त्याने यंत्र हाताळलंय. एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूची रचना आणि वजन सांगणारी यंत्रं) मात्र जिल्ह्याच्या कॉलेजात मागू नका. त्यासाठी कोल्हापूरला विद्यापीठाच्या सामाईक सुविधा केंद्राकडे नमुना पाठवतात, आणि ते रास्त आहे.

आता ऑरगॅनिक की ॲनालिटिकल. ऑरगॅनिकला झुंबड असते, कारण कुरकुंभ, महाड, लोटे इथल्या बल्क ड्रगच्या कारखान्यांत तिला मान आहे. पण अभ्यासक्रमातलं सिंथेसिस एक-दोन पायऱ्यांचं, ग्रॅमभराचं. टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी), रीक्रिस्टलायझेशन आणि व्हॅक्यूम डिस्टिलेशन हाताला नीट बसलं तर आर अँड डीत उभं राहता येतं, नाहीतर प्रॉडक्शनची शिफ्ट वाट्याला येते. शिरवळ, लोणंद, कुपवाड, मिरज या एमआयडीसींच्या आसपास राहून नोकरी करायची असेल तर ॲनालिटिकल जास्त ठिकाणी चालते: औषध, अन्न, पाणी, रंग, साखर. ऑरगॅनिक झालेला मुलगाही क्यूसीत घेतात, अट एवढीच की यंत्रावर बसलेला हवा. जाहिरातीत दिसणारं 'एफडीए अप्रूव्ड केमिस्ट' हे पदवीबरोबर मिळत नाही. अनुभव झाल्यावर कंपनीमार्फत ते होतं, त्यामुळे त्याचं आमिष दाखवणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

ऑन जॉब ट्रेनिंग हा कोर्समधला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात वाया जाणारा भाग. ते दुसऱ्या सेमिस्टरला जोडून येतं, म्हणजे उन्हाळ्यात. आणि मुलं हमखास जवळच्या साखर कारखान्याचं पत्र आणतात. गळीत हंगाम मार्चच्या आसपास आटोपतो. एप्रिल-मे मध्ये लॅबमध्ये ना ऊस, ना रस, ना मळी. ब्रिक्स-पोल (रसातले विरघळलेले घटक आणि साखर) बघायचं कशाचं? १२० तास रजिस्टरवर सह्या होतात आणि प्रमाणपत्र मिळतं. साखरेचंच करायचं असेल तर डिस्टिलरी चालू आहे का ते विचारून जा, तिथे मळीतली एकूण रिड्युसिंग शुगर आणि स्पिरिटचं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) शिकता येतं. त्याहून बरं म्हणजे हंगाम बघून जागा निवडा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जोरात असते, द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. या दिवसांत अन्नतपासणीच्या लॅबना माणसं कमी पडतात, आणि नवख्या पोरालाही खरे नमुने हाताळायला मिळतात.

प्रोजेक्टलाही हेच लागू. दहा क्रेडिट नॅनोकणांवर खर्च करून एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघण्याच्या चाचणीचा) आलेख बाहेरून आणणारे प्रोजेक्ट या भागात ढिगाने होतात. मुलाखतीत त्यावर दोन मिनिटंसुद्धा बोलणं होत नाही. त्याऐवजी हळद घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे व्यापाऱ्यालाही आकड्यात रस आहे. अल्कोहोलमध्ये अर्क काढून ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजलं की एकूण करक्युमिनॉइड कळतात, पण करक्युमिन आणि त्याची दोन भावंडं वेगळी दिसत नाहीत. त्यासाठी एचपीएलसी लागते. तपकिरी (अंबर) काचेची भांडी वापरा, उजेडात आणि अल्कलीत करक्युमिन तुटतं. मग पद्धत आयसीएच क्यू२ (व्हॅलिडेशनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे व्हॅलिडेट करा: लिनिअॅरिटीला किमान ५ बिंदू, अचूकतेला तीन पातळ्यांवर तीन-तीन असे ९ निकाल. शिवाय नेहमीच्या प्रथेप्रमाणे स्टँडर्डच्या इंजेक्शनांचा आरएसडी (निकालांमधला फरक) २ टक्क्यांच्या आत, टेलिंग (पीकची मागे ओढलेली शेपटी) २ च्या आत. सोबत लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो या भेसळींची तपासणी जोडली तर प्रोजेक्ट भरीव होतो. द्राक्षातले कीटकनाशकाचे अंश हा विषय मोहात पाडतो, पण युरोपची सर्वसाधारण मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तिथपर्यंत साधा यूव्ही डिटेक्टर पोचत नाही, एलसी-एमएस-एमएस (मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेली क्रोमॅटोग्राफी) लागतं.

असा प्रोजेक्ट केलेल्याला मुलाखतीतले प्रश्न परके वाटत नाहीत. टेलिंग २.३ आलं तर? कॉलम थकलाय, पीएच चुकलाय किंवा इंजेक्शन जास्त झालंय. आरएसडी ३ टक्के? इंजेक्टर गळतोय, पंपात हवा आहे किंवा व्हायलमध्ये नमुना कमी आहे. रिटेन्शन टाइम हळूहळू सरकतोय? कॉलम स्थिरावलेला नाही, खोलीचं तापमान बदलतंय किंवा बाटलीतून मिथेनॉल उडून जातंय.

हा कोर्स कुणी घेऊ नये तेही सांगायला हवं. साखर आणि अल्कोहोलमध्येच राहायचं पक्कं असेल तर पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम जास्त सरळ आहेत. मिरजेच्या दवाखान्यांच्या लॅबमध्ये जायचं असेल तर बीएस्सीनंतर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) पुरतं, दोन वर्षं घालवू नका. अन्नतपासणीत वर जायचं असेल तर मात्र एमएस्सी कामाला येते: एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) फूड ॲनालिस्ट परीक्षेला केमिस्ट्रीवाल्याकडून साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि अन्नविश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात.

गुण द्यायचे तर अभ्यासक्रमाला पाचपैकी चार, शिकवण्याला साडेतीन, प्रयोगशाळेला सरसकट दोन; अपवाद असलेली कॉलेजं आहेत, ती शोधावी लागतात. विनाअनुदानित तुकडी असेल तर फीचं विवरण लेखी घ्या आणि लॅब फीमध्ये द्रावक धरलेत का ते विचारा, नाहीतर प्रोजेक्टच्या वेळी ॲसिटोनायट्राइलची बाटली मुलांनाच आणायला सांगतात. कॉलेज बघायला प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा लॅबला कुलूप असतं. फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल चालू असताना जा, आणि चौथ्या सेमिस्टरच्या पोरांना बाजूला घेऊन विचारा की चालू स्थितीतले कॉलम किती आहेत आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते.