दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून गाडीने: सापुतारा की अबू?

नवरात्र संपलं की आमच्या घरात हा वाद ठरलेला. बडोद्याहून सकाळी निघून, एकाच ड्रायव्हरच्या जिवावर, म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन संध्याकाळच्या चहाला पोचता येईल असे डोंगर दोनच. दक्षिणेला सापुतारा, उत्तरेला माउंट अबू. (पावागढ अंगणातला, तो यात धरत नाही.) सापुतारा तीनशे किलोमीटरच्या आसपास, अबू त्याहून तीसेक जास्त. थांबत-थांबत गेलं तर दोन्हीकडे सहा-सात तास लागतात, म्हणून अंतरावरून निवड करू नका. मी तर सरळ विचारते, मागच्या सीटवर कोण बसणार आहे?

कारण फरक आहे तो घाटाचा. अबूला आबूरोडपर्यंत रस्ता सपाट. दुमाडहून एक्सप्रेसवे धरला की ९३ किलोमीटर कधी संपले कळत नाही. मग अहमदाबादच्या रिंगरोडने अडालज, मेहसाणा, उंझा, सिद्धपूर, पालनपूर, अमीरगढ. उंझ्याला काचा खाली केल्या तर जिऱ्याचा वास येतो, बाकी बघण्यासारखं काही नाही. गाडी पळते आणि पोरं झोपतात. घाट शेवटचे अठ्ठावीस किलोमीटर, रुंद आणि चांगला बांधलेला.

सापुताऱ्याचं उलटं. सुरुवात वैतागाची. जांबुवा, पोर, बामणगाम इथल्या अरुंद पुलांपाशी ट्रकांच्या रांगेत आम्ही एकदा पाऊण तास काढलाय, डब्यातले ठेपले तिथेच संपले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा बडोदा-भरूच तुकडा सुरू झाला, आता आम्ही त्यावरूनच जातो. टोल लागतो पण डोकं शांत राहतं. चिखलीला हायवे सोडला की खरी मजा. वांसद्याच्या पुढे साग सुरू होतो, वघईपासून दोन्ही बाजूंनी डांगचं जंगल, आणि मग पन्नासेक किलोमीटर वळणंच वळणं. चालवणाऱ्याला सुख, मागच्यांना शिक्षा. माझी धाकटी साकरपातळपर्यंत गाणी म्हणत होती, शामगहानच्या अलीकडे एकदम गप्प झाली. गप्प झाली की समजायचं. गाडी बाजूला घेईपर्यंत जाऊबाईंच्या नव्या ओढणीचं व्हायचं ते झालं. तेव्हापासून आमचे नियम पक्के आहेत: वघईला पोटभर खायचं नाही, ज्याला लागतं त्याला पुढच्या सीटवर बसवायचं, मोबाईल बंद, हातात आवळासुपारी. आणि अंधार पडायच्या आत वर. नाशिककडून सुरतेला भाजीचे ट्रक याच घाटातून उतरतात, रात्री त्यांचे दिवे डोळ्यांवर घेत चढण्यात काही शहाणपण नाही.

घरात कुणाला गाडी लागत असेल तर अबू. एवढं कळलं तरी अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होतो.

आता देवीचं. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत देव वगळून सहल ठरत नाही, आणि गंमत म्हणजे दोन्ही वाटांवर देवीच आहे. अबूच्या पायथ्याशी, आबूरोडपासून वीसेक किलोमीटरवर अंबाजी. तिथे मूर्ती नाही, यंत्राची पूजा होते. गब्बरच्या डोंगरावर जायला उडनखटोला आहे. सापुताऱ्याहून पुढे महाराष्ट्रात उतरलं की पन्नासेक किलोमीटरवर सप्तशृंगगड. आमच्या सासूबाईंचं माहेर नाशिककडचं, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तुलनाच होऊ शकत नाही. साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ सोडून उत्तरेला कशाला जायचं, हा त्यांचा सवाल. गुडघ्यांची सबब पूर्वी चालायची. २०१८ पासून गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, पाचशे पायऱ्यांचा प्रश्न मिटला आणि आमची सबबही गेली. फक्त नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, पुढे एसटी. अंबाजीचंही तसंच, भादरवी पूनमेच्या आधीचा आठवडा पायी संघांनी रस्ते भरलेले असतात. दिवाळीत यातलं काही आडवं येत नाही.

ठिकाण म्हणून विचाराल तर अबू भारी, यात मी सापुताऱ्याची भीड ठेवणार नाही. सापुताऱ्याला तळं आहे, होड्या आहेत, रोपवे आहे, सूर्यास्ताचा पॉइंट आहे, आदिवासी संग्रहालय आहे. एका दिवसात संपतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोरं ‘आता काय?’ विचारतात, तेव्हा वणीला (सप्तशृंगगडावर) किंवा जवळच्या हातगडावर जायचं. त्यात गिरा धबधबा वघईजवळ, जाता-येताच बघायचा. दिवाळीपर्यंत त्याला पाणी असतं, उन्हाळ्यात नुसता कातळ.

अबूवर देलवाड्याची जैन मंदिरं आहेत, आणि एकट्या देलवाड्यासाठी सहल करावी. विमलवसही १०३१ ची, लूणवसही १२३० ची. बाहेरून काहीच वाटत नाही, साधी भिंत. आत गेल्यावर मान वर करायची आणि तशीच ठेवायची. लूणवसहीत छतातून लोंबणारं संगमरवरी कमळ आहे, त्याच्या पाकळ्या इतक्या पातळ की उजेड आरपार दिसतो. तिथेच समोरासमोर दोन गोखले (कोरीव कोनाडे) आहेत, देराणी-जेठाणीचे. मंदिर बांधणाऱ्या वस्तुपाल-तेजपाल भावांच्या बायकांचे, म्हणजे जावा-जावांचे, असं सांगतात. मी आणि माझी जाऊ तिथे वीस मिनिटं उभ्या होतो, कुणाची नक्षी जास्त भरीव याचा निकाल लावत. तिचं म्हणणं थोरलीची. ती थोरली आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा: जैनेतरांना दुपारी बारानंतरच प्रवेश, म्हणून सकाळ गुरुशिखरसाठी ठेवा (१,७२२ मीटर, अरवलीतलं सर्वांत उंच टोक), आणि चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. फोटो काढू देत नाहीत. त्यामुळेच पोरांनी तिथे नीट बघितलं असं माझं मत आहे.

शिवाय वाटेवरचं. अबूला जाताना अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) रस्त्यालगत, थोडी वाकडी वाट केली तर मोढेऱ्याचं सूर्यमंदिर, आणखी वाकडी केली तर पाटणची राणीची वाव, जी शंभराच्या नोटेवर आहे. सगळं एका दिवसात कोंबू नका, एकच निवडा. आम्ही परतीत मोढेरा करतो. सिद्धपूरला मातृगया (आईच्या श्राद्धाचं क्षेत्र) आहे, त्या निमित्ताने कुणी थांबत असेल तर अर्धा दिवस वेगळा काढावा. सापुताऱ्याच्या वाटेवर असं कोरीव काही नाही, पण गायकवाडी खुणा आहेत. बिलीमोऱ्याहून वघईला जाणारी नॅरोगेज गायकवाडांच्या संस्थानाने टाकलेली. व्यारा-सोनगढवरून गेलात तर पिलाजीराव गायकवाडांचा सोनगढचा किल्ला लागतो. बडोद्याच्या आधीचं बस्तान तिथलं. पोरांना मांडवीपासून राजवाड्यापर्यंत सगळं ‘आपलं’ वाटतं, ते आलं कुठून हे दाखवायला बरं पडतं. डांगी बोलीही कानाला ओळखीची. सासूबाई नागलीचे पापड विकणाऱ्या बाईशी मराठीत बोलल्या, तिने डांगीत उत्तरं दिली, आणि भाव दोघींच्या मनासारखा ठरला.

पैशाचं थोडक्यात. दिवाळीत दोन्हीकडे खोल्या दुपटीच्या पुढे, अबूला जास्तच. तिथे आम्हाला एकदा ‘लेक व्ह्यू’ म्हणून दिलेल्या खोलीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. पाणी होतं, हे खरं. चेक-आऊट सकाळी नऊला, हे पोचल्यावर कळलं. बुक करतानाच फोन करून विचारा, आणि पार्किंग आवारात आहे का तेही. अबूच्या ‘नक्की’ नावाच्या तलावाजवळ गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे बडोद्याच्या मंगळबाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी फिरणं. अबूला आणखी एक: आपल्याकडे दारूबंदी, तिकडे नाही, म्हणून शनिवार-रविवारी टोळक्यांची गर्दी आणि परतताना हद्दीवर गाडीची तपासणी. लहान मुलं असतील तर सोमवार ते गुरुवार जा. टाकी मात्र दोन्हीकडे गुजरातमध्येच फुल करायची, राजस्थान आणि महाराष्ट्र दोन्हीकडे पेट्रोल महाग. आमच्यासारखी सीएनजी असेल तर डिकीत सिलिंडर, तिसरी रांग उघडली की बॅगा वरच्या कॅरिअरला. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, झोपलेल्या आजोबांनाही, तेव्हा निघायच्या आदल्या रात्रीच भरून ठेवा. चढाला गाडी पेट्रोलवर टाका.

थंडीचं म्हणाल तर दिवाळीत दोन्हीकडे स्वेटर पुरतो. डिसेंबर-जानेवारीत अबूला कधीकधी गाडीच्या टपावर बर्फाचा थर मिळतो, पोरं खुळी होतात. म्हातारे मात्र रजईतून बाहेर येत नाहीत. पावसाळ्यात माझं मत सापुताऱ्याला. मे महिन्यात उंचीमुळे अबू.

तारखेत एक चूक बरेच जण करतात, भाऊबीज झाली की लगेच निघतात. तेव्हा अख्खं गुजरात निघालेलं असतं, कारण दुकानं लाभपाचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बंद. शाळेची सुट्टी एकवीस दिवसांची आहे. पाचम उलटू द्या, रस्ते आणि भाव दोन्ही उतरतात.

यंदा आमच्याकडे चार दिवस आहेत, धाकटीला आता गाडी लागत नाही, आणि सासूबाईंनी खण-नारळ पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवलीसुद्धा. जाऊबाई अजून देलवाड्यावर अडून आहेत. ओढणीचं कारण त्या सांगत नाहीत.